कीबोर्डचा स्पीकर पुन्हा पुन्हा जातोय? नवा बसवण्याआधी एवढं तपासा

लक्षणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. कीबोर्डच्या एका बाजूने फाटलेला आवाज येतो, डाव्या हाताच्या खर्जातल्या स्वरांना जास्तच. आवाज लहान ठेवला तर निभतं, वाढवला की खरखर सुरू. दुरुस्तीला नेलं की ऐकायला मिळतं, "स्पीकर गेला जी, नवा टाकून देतो." नवा बसतो, आवाज झकास येतो, आणि काही महिन्यांनी किंवा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच रडगाणं. नागपुरातल्या भजनी मंडळांत, भीमगीतांच्या संचांत, क्लासमध्ये आणि घरोघरी जे कीबोर्ड वाजतात, त्यांच्याबाबत ही तक्रार सतत कानावर येते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की स्पीकर हा या साखळीतला शेवटचा आणि सगळ्यांत स्वस्त भाग असतो. तो आपणहून क्वचित मरतो. दुसरंच कुणीतरी त्याला मारतं आणि नवा बसवला की त्यालाही मारतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मारेकरी शोधायचा.

आधी स्पीकरच बिघडलाय का ते ठरवा

हेडफोन लावा. हेडफोनमध्ये दोन्ही कानांत आवाज स्वच्छ असेल तर मुख्य बोर्ड ठीक आहे, आणि दोष पॉवर ॲम्प्लिफायर, हेडफोनचा जॅक किंवा स्पीकर या तिघांपैकी एकात आहे. हेडफोनमध्येही तीच खरखर असेल तर स्पीकर बदलून काहीच होणार नाही.

जॅककडे नीट बघा. बऱ्याच कीबोर्डमध्ये हेडफोनची पिन आत गेली की स्पीकर बंद करणारा एक छोटा संपर्क त्या जॅकमध्येच असतो. त्यावर गंज किंवा धूळ बसली, की पिन काढल्यावरही एक बाजू मुकी राहते किंवा तुटक वाजते. पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. तेवढ्याने आवाज परत आला किंवा बदलला, तर चोर सापडला. जॅक काँटॅक्ट क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. खोबरेल, पेट्रोल, शिलाई मशीनचं तेल यांपैकी काहीही आत सोडू नका. तेलावर धूळ चिकटते आणि वर्षभरात संपर्क आणखी खराब होतो.

मग पॉवर. सेलवर वाजवताना मोठ्या आवाजाला फाटतो आणि ॲडॉप्टरवर स्वच्छ वाजतो, तर सेल उतरलेत. सहा पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कीबोर्डला नवे अल्कलाइन सेल ९ व्होल्ट देतात, चार्जिंगचे सेल साधारण ७.२. स्वस्तातले साधे सेल तर खर्जाचा जोरदार स्वर दाबला की लगेच वाकतात. ॲडॉप्टर बदललेला असेल तर त्याचे व्होल्ट आणि पिनची दिशाही तपासा. कॅसिओच्या जुन्या कीबोर्डचा एडी-५ हा ९ व्होल्टचा आणि त्याच्या पिनच्या आत मायनस. त्याच कंपनीचा नंतरचा एडी-ई९५१००एल हा ९.५ व्होल्टचा आणि आत प्लस. यामाहाचा पीए-१३० हा १२ व्होल्टचा, आत प्लस. पिन दिसायला सारखी आहे म्हणून मंडळातल्या एकाचा ॲडॉप्टर दुसऱ्याच्या कीबोर्डला लावण्याची सवय महागात पडते.

खरखर नेमकी कुठून येते हेही कानाने शोधता येतं. ऑर्गनचा किंवा स्ट्रिंग्सचा टोन घ्या, म्हणजे स्वर दाबून ठेवला की तो अखंड वाजत राहील. खालच्या सा पासून एकेक पट्टी वर चढा. एखाद्याच स्वराला भणभण होत असेल आणि जाळीवर किंवा बॉडीवर तळहात दाबल्यावर ती थांबत असेल, तर स्पीकर निर्दोष आहे. एखादा स्क्रू ढिला आहे, जाळी सुटली आहे किंवा आत काहीतरी पडलं आहे. पिना, नाणी, गिटारच्या पिकचे तुकडे, आरतीच्या ताटातले तांदूळ असलं काहीही आत सापडू शकतं. सगळ्याच स्वरांना आवाजाबरोबर खरखर वाढत असेल, तरच संशय स्पीकरवर घ्या.

उन्हाळा आणि कूलर

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण कीबोर्डच्या पुस्तिकेत त्यावर फार तर एखाद-दुसरी ओळ असते आणि नागपुरात तोच सगळ्यांत जास्त नुकसान करतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत कार्यक्रमाहून परतताना कीबोर्ड गाडीच्या डिकीत राहिला, किंवा गच्चीखालच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं. स्पीकरमधली व्हॉइस कॉईल, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं, एका बारीक नळीवर चिकटवलेलं असतं. त्या नळीला कोन, म्हणजे आवाज काढणारा स्पीकरचा पडदा, चिकटवलेला असतो आणि कोनाची कड फ्रेमला. सगळा खेळ गोंदावर. गोंद मऊ पडला की कॉईल केसभर सरकते आणि फटीच्या भिंतीला घासू लागते. ही घासणारी कॉईल म्हणजेच तुमची खरखर. कोनाची कड फोमची असेल तर ती उष्णतेने ठिसूळ होऊन हाताला चुरा लागायला लागतो.

दुसरा शत्रू कूलर. खोलीत गारवा हवा म्हणून डेझर्ट कूलर खिडकीत, आणि कीबोर्ड नेमका त्याच्या झोतात, कारण वाजवणाऱ्यालाही गारवा हवा असतो. त्या हवेत ओल असते, कधी कधी बारीक तुषारही. कागदाचा कोन ओल शोषतो, जड होतो, वाकडा वाळतो. पाण्यातले क्षार जॅकवर आणि बोर्डाच्या जोडांवर पांढरे बसतात. उन्हाळा संपतो न संपतो तोच पावसाळ्याची दमट हवा येते, त्यामुळे वाळायला उसंत मिळत नाही. दर जूनमध्ये एक बाजू मुकी होणाऱ्या कीबोर्डची जागा आधी बदलून बघा. कूलरच्या झोतापासून आडबाजूला, आणि वाजवून झालं की कापडाखाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं तर ओल आतच कोंडते, म्हणून सुती कापडच वापरा.

उघडताना

ॲडॉप्टर काढा, सेल काढा. सतरंजी किंवा जाड चादर अंथरून कीबोर्ड पालथा ठेवा. पिच बेंडचं चाक किंवा उंच बटणं असतील तर दोन्ही टोकांना घड्या घातलेले टॉवेल ठेवून मधला भाग अधांतरी राहू द्या.

मागचे स्क्रू भरपूर असतात आणि सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला तर वरच्या बाजूने टोक बाहेर येतं किंवा बोर्डाला भोक पडतं. कागदावर कीबोर्डची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवणं हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग. मागचं झाकण झटक्याने उचलू नका; सेलच्या खणाच्या तारा बहुतेक त्यालाच जोडलेल्या असतात. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, तारांचे रंग दिसतील असे. चपट्या पट्टी केबलना शक्यतो हातच लावू नका, स्पीकरच्या कामाला त्यांची गरज पडत नाही.

मीटर काय सांगतो

स्पीकरच्या मागे त्याचे ओहम छापलेले असतात, बहुधा ४ किंवा ८. त्याची एक तार सोडवा आणि मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजला ठेवून टोकं लावा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून जो आकडा येईल तो वजा करायचा. ४ ओहमचा धडधाकट स्पीकर ३.२ ते ३.८ च्या आसपास दाखवतो, ८ ओहमचा ६ ते ७.५. छापलेल्या आकड्यापेक्षा कमी दिसणं बरोबरच आहे, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. काहीच दाखवत नसेल तर कॉईल जळून तुटली, किंवा कॉईलकडे जाणारी ती विणलेली लवचीक तार तुटली. ही तार कोनाबरोबर सतत हलते आणि डाखाच्या तोंडाशी तुटते. कधी कधी नुसता डाख नव्याने लावून स्पीकर वाचतो, म्हणून फेकून देण्याआधी तिथे भिंगातून बघा. एक ओहमच्या खाली दाखवत असेल तर कॉईलचे वेढे आतून एकमेकांना चिकटलेत. असा स्पीकर ॲम्प्लिफायरला पुन्हा जोडू नका.

मीटर ठीक दाखवत असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मध्याभोवती समान अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबा आणि सोडा. कुठेही घसपटल्यासारखं लागलं किंवा ऐकू आलं, की कॉईल घासतेय. असल्या स्पीकरला औषध नाही.

मारेकरी बहुधा इथे सापडतो

आता मुख्य काम, आणि तेच बहुतेक जण गाळतात.

जळालेला स्पीकर काढला, नवा जोडला, चालू केला, वाजला, झाकण लावलं. पण पहिला का जळाला? अडीच वॅटच्या आसपासचा ॲम्प्लिफायर सरळ वाजवून चांगला स्पीकर जाळू शकत नाही असं वाटतं, आणि संगीताच्या सिग्नलपुरतं ते बरंचसं खरंही आहे. स्पीकर जाळतो तो डीसी. ॲम्प्लिफायरचा आयसी, म्हणजे त्याची चिप, बिघडला, किंवा त्याच्या बाहेरच्या बाजूचा मोठा कपॅसिटर गळू लागला, की स्पीकरमध्ये सतत एकाच दिशेचा प्रवाह वाहत राहतो. १२ व्होल्टच्या कीबोर्डमध्ये हा डीसी ६ व्होल्ट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. ४ ओहमच्या स्पीकरवर ६ व्होल्ट म्हणजे ९ वॅट, तेही आवाज शून्यावर असताना, कुणी एक स्वरही वाजवत नसताना. कॉईल गप्प बसून भाजत राहते. कीबोर्ड चालू करताच कोन धप्प करून एका बाजूला सरकतो आणि तिथेच राहतो, हे त्याचं डोळ्यांना दिसणारं लक्षण.

तपासायला नवा स्पीकर पणाला लावू नका. ८ ओहम ५ वॅटचा पांढरा सिरॅमिकचा रेझिस्टर काही रुपयांत मिळतो. स्पीकरच्या दोन तारांना तो जोडा, कीबोर्ड चालू करा, आवाज शून्यावर ठेवा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मोजा. काही मिलिव्होल्ट, फार तर दोन-चार डझन मिलिव्होल्ट दिसले तर निर्धास्तपणे नवा स्पीकर जोडा. व्होल्ट दिसले तर थांबा. नवा स्पीकर त्या रात्रीच जाईल. रेझिस्टर न लावता मोकळ्या तारांवर मोजलं तर काही सर्किटमध्ये तरंगता, फसवा आकडा येतो, म्हणून हा भार लावायचाच.

मोजायचं ते दोन तारांच्या मध्ये, तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये नव्हे. याचं कारण समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. आजच्या बहुतेक छोट्या कीबोर्डमध्ये ब्रिज पद्धतीचा ॲम्प्लिफायर असतो. त्यात स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. दोन्हींवर ग्राउंडच्या तुलनेत सप्लायच्या साधारण अर्धे व्होल्ट असतात, आणि दोन्ही सारखे असल्यामुळे स्पीकरला डीसी जाणवत नाही. नुसत्या एका तारेवर ग्राउंड धरून मोजलं तर ६ व्होल्ट दिसतील आणि चांगला आयसी तुम्ही बिनकामाचा बदलाल.

याच कारणाने कार्यक्रमात कीबोर्डचा आवाज मोठ्या साउंडला द्यायचा म्हणून स्पीकरच्या तारांना वायर जोडून बाहेर काढणं हा सगळ्यांत घातक जुगाड आहे. मिक्सरची वायर त्या जिवंत तारेला थेट ग्राउंड करू शकते आणि आयसी जाऊ शकतो. जाताना तो स्पीकरही घेऊन जाऊ शकतो. डाव्या-उजव्या स्पीकरच्या मायनस तारा एकत्र बांधणंही तितकंच वाईट. आवाज बाहेर काढायला हेडफोनचा जॅक आहे, लाइन आउट असेल तर ते उत्तम. हेडफोनमधून काढताना कीबोर्डचा आवाज मध्यम ठेवा आणि मिक्सरवर वाढवा.

नवा स्पीकर निवडताना

ओहम तेवढेच. ८ च्या जागी ४ लावला तर प्रवाह दुप्पट होतो, आयसी तापतो आणि आपण पुन्हा सुरुवातीच्या जागी येतो. उलट, ४ च्या जागी ८ लावला तर धोका नाही, मात्र ताकद निम्मी मिळते, म्हणजे ३ डेसिबल कमी. आणि एकाच बाजूला असं केलं तर डावं-उजवं जुळत नाही. वॅट मूळ स्पीकरएवढे किंवा जास्त. पण २० वॅटचा कारचा स्पीकर बसवला म्हणजे आवाज वाढेल असं नाही. त्याचा कोन जड आणि कड ताठ असते, अडीच वॅटच्या ॲम्प्लिफायरला तो हलवणं जड जातं, आणि आवाज मूळच्यापेक्षा लहान येतो. मला विचाराल तर हलक्या कागदी कोनाचा साधा स्पीकरच घ्या.

मापाचं गणित आधी घरी करा. फ्रेमची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि मागच्या चुंबकाची खोली, तिन्ही लिहून घ्या. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ मध्ये १२ सेंटिमीटरचे दोन गोल स्पीकर आहेत. बाजारात पाच इंची म्हणून मिळणारा त्या जागेत बसेलच असं नाही आणि चार इंची सैल पडतो. सैल पडणाऱ्यासाठी प्लायवूडची किंवा एमडीएफची कडी कापून घेता येते. काही मॉडेलमध्ये लंबगोल स्पीकर असतात. जुन्या टीव्हीतून काढलेले लंबगोल ८ ओहमचे स्पीकर तिथे चांगलं काम देतात, माप आणि ओहम जुळले तर. यामाहाच्या रेफेससारख्या छोट्या सिंथेसायझरमध्ये ३ सेंटिमीटरचे स्पीकर असतात. तिथे जुगाडाला जागाच नाही, मूळ भागच मागवा. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात जाताना जुना स्पीकर सोबत न्या आणि छोटा मीटरही. नव्या डब्यावर काय छापलंय यापेक्षा काउंटरवरच मोजून घेतलेलं बरं.

बसवताना

प्रत्येक स्पीकरच्या एका टोकाला प्लसची किंवा लाल खूण असते. जुन्या स्पीकरला जी तार प्लसवर होती ती नव्याच्या प्लसवर. खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. कोन बाहेर आला की सेलचं प्लस ज्या टोकाला लागलं ते स्पीकरचं प्लस. क्षणभरच, धरून ठेवायचा नाही. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले तर काही जळत नाही, पण खर्ज पोकळ होतो, कारण एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. कीबोर्ड मिटल्यावर डाव्या हाताचे स्वर पातळ वाटले तर हेच झालेलं असतं.

डाख लावायला २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरे. कोनावर पुठ्ठ्याचा तुकडा धरा, म्हणजे तापलेला थेंब पडून भोक पडणार नाही. टोकाला दोन-तीन सेकंदांहून जास्त वेळ तापवू नका. पलीकडे कॉईलची लवचीक तार त्याच टोकाला असते आणि ती सुटू शकते. टेबल आधी पुसून घ्या. लोखंडाचा बारीक कीस चुंबकाने खेचला आणि तो फटीत गेला, तर नवाकोरा स्पीकर बसवायच्या आधीच खरखरू लागतो.

फ्रेमखालची फोमची किंवा पुठ्ठ्याची कडी जपून काढा आणि परत लावा. ती नसेल तर कोनाच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांत मिसळते आणि खर्ज गायब होतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने करकचून आवळलं तर पत्र्याची फ्रेम पिळते आणि कॉईल घासते. प्लॅस्टिकमधल्या स्क्रूला आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात टक्कन बसल्याचं हाताला कळतं, मग सुलटा आवळा. असं केलं नाही तर दोन-तीन वेळा उघडल्यावर भोकं मोकळी होतात आणि मग बॉडीच भणभणू लागते.

झाकण पूर्ण लावण्याआधी चार स्क्रूंवर वाजवून बघा. ऑर्गनचा टोन, खालपासून वर, आवाज तीन-चतुर्थांश.

कोन नुसता फाटला असेल तर

कॉईल चांगली आहे, मीटर बरोबर दाखवतोय, कोन फक्त चिरलाय, तर स्पीकर वाचतो. चिरेवर पातळ टिश्यू पेपरची पट्टी आणि पाण्याने सैल केलेला पांढरा फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी पातळ थर. रात्रभर वाळू द्या. फेव्हिक्विक वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेला नवी चीर पडते. कडेची फोमची गोलाई गेली असेल तर तिथे फेव्हिकॉलही नको, वाळल्यावर वाकणारा रबरी गोंद लागतो.

बाहेर वाजवणाऱ्यांसाठी

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना जाणारे, गणपतीत किंवा ऑक्टोबरात खुल्या मैदानात वाजवणारे वादक अनेकदा मॉनिटर (वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकवणारा स्पीकर) नसतो म्हणून कीबोर्डचे स्पीकर पूर्ण आवाजावर ठेवतात, वर बेस वाढवतात. तिथे ॲम्प्लिफायर कापलेले, चपट्या माथ्याचे सिग्नल देतो आणि कॉईल तापते. दर बाजूचे अडीच वॅट हे घरातल्या खोलीपुरते आहेत. मैदानावर स्पीकर बंदच ठेवा, हेडफोन जॅकमधून साउंडला द्या, आणि स्वतःला ऐकू येण्यासाठी छोटा पॉवर्ड मॉनिटर ठेवा. एवढं केलं तर स्पीकर वर्षानुवर्षं टिकतो.

डीसी निघत असेल तर

रेझिस्टरवर व्होल्ट दिसले आणि आयसी बदलण्याइतका हात बसलेला नसेल, तर कीबोर्ड दुरुस्तीला द्या, पण "स्पीकर गेला" असं सांगून देऊ नका. "डाव्या बाजूच्या आउटपुटला इतके व्होल्ट डीसी आहे, आयसी आणि आउटपुट कपॅसिटर बघा" असं सांगा आणि आकडा कागदावर लिहून आत ठेवा. परत घेताना दुकानातच रेझिस्टर लावून तुमच्यासमोर पुन्हा मोजायला सांगा, आणि मगच स्पीकर जोडू द्या. तोवर कीबोर्ड वापरायचा असेल तर त्या बाजूच्या स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवून टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा, आयसी हाताला चटका देण्याइतका तापत नाही ना ते बघा, आणि हेडफोनवर वाजवा.